आईचा गुलाब आधी घरी आणा

वाचकाचं पत्र:

"सहा महिन्यांपूर्वी आई गेली. तिला फुलांचं वेड होतं. गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत तिने एक गुलाब बारा वर्षं सांभाळला होता. ती गेल्यावर महिन्याभरातच मी तो कुंडीतून काढला आणि तिच्या कबरेवर लावला. तिचं झाड तिच्याजवळ असावं, एवढंच मनात होतं. सुरुवातीला दोन कळ्याही आल्या. आता पानं गळली आहेत, एक फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते आहे आणि कबरेची माती मधोमध खचल्यामुळे झाड एका बाजूला कललं आहे. मला महिन्यातून एक-दोनदाच जाता येतं. धाकटा भाऊ म्हणतो, 'ताई, हे आपल्याला झेपणारं नाही. वरून ग्रॅनाइट बसवून टाकू, कायमचं काम होईल.' त्याचं बोलणं ऐकलं की संताप येतो, पण झाडाकडे पाहिलं की वाटतं, तोच बरोबर असेल. आईने बारा वर्षं जगवलेलं झाड मी सहा महिन्यांत मारलं. आता तिथे दुसरं काय लावू? की काहीच लावू नको? – एक लेक"

ताई,

झाड मेलं असं तुम्ही ठरवून टाकलं आहे. आधी ते तपासून पाहा. पुढच्या खेपेला गेलात की फांदीची साल नखाने अगदी हलकी खरवडा. टोकापासून सुरुवात करा आणि चार-चार बोटं सोडत खाली या. सालीखाली कोरडं, तपकिरी लागलं तर तेवढा भाग गेला. ओलसर हिरवं दिसलं तर तिथून खाली फांदी जिवंत आहे. गुलाबाने पानं टाकली म्हणजे तो संपलाच, असं नसतं. मुळांना पाणी ओढता येईनासं झालं की झाड स्वतःहून पानं गाळतं, कारण झाडातलं पाणी सगळ्यात जास्त पानांवाटेच उडून जातं. तुमच्या झाडाने तेच केलं असण्याची बरीच शक्यता आहे.

काळी पडत येणारी फांदी मात्र तशीच ठेवू नका, ती मर खाली उतरत जाते. धारदार, स्वच्छ पुसलेल्या कात्रीने काळ्या भागाच्या दोन-तीन बोटं खाली, एखाद्या डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर कोंब फुटतो त्या जागेच्या, थोडं वर काप घ्या आणि कापलेल्या जागेकडे नीट बघा. फांदीच्या मधला गाभा पांढुरका असेल तर तिथे थांबा. तपकिरी दिसला तर आणखी खाली जा. मग पुन्हा कात्री पुसा आणि पुढच्या फांदीकडे वळा.

आता मुख्य काम. झाड हलवण्याआधी त्याची कलमं करून घ्या. झाड वाचेल की नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही, पण हिरव्या फांद्या हातात आहेत तोवर तुमच्या आईचा गुलाब तुमच्या हातून जाणार नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, साधारण १५ ते २० सेंटीमीटर लांबीची, फुलून गेलेली किंवा जून होत आलेली फांदी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या जरा वर. कुठला भाग वर आणि कुठला खाली, यात गल्लत करू नका. पानं असतील तर वरची एक-दोन ठेवा, बाकीची काढा. निम्मी वाळू आणि निम्मं बारीक शेणखत किंवा कंपोस्ट अशा मिश्रणात खालचे दोन डोळे बुडतील इतकी फांदी खोचा, पाणी द्या आणि वरून पारदर्शक पिशवी सैलसर घाला. उजेड हवा, थेट ऊन नको. मुळं फुटायला चार ते आठ आठवडे लागतात. कोंब दिसला म्हणून ओढून बघू नका. गुलाबाच्या फांदीत साठवलेल्या अन्नावर मुळांशिवायही कोंब येतो, आणि ओढलं की नुकती फुटलेली नाजूक मुळं तुटतात.

काही जातींची कलमं सहज लागतात, काहींची लागता लागत नाहीत. म्हणून एकावर भिस्त न ठेवता मिळतील तेवढ्या फांद्या लावा. आणि एक गोष्ट फांदी निवडण्याआधी पाहा. विकत मिळणारे बहुतेक गुलाब दुसऱ्या, काटक गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या बुंध्यावर, डोळा भरून केलेले असतात. खोडाच्या तळाशी, मातीलगत गाठीसारखा जोड दिसतो. त्या जोडाच्या खालून फुटलेली फांदी खुंटाची असते, तिला आईची फुलं कधीच येणार नाहीत. कलमाला जोडाच्या वरचीच फांदी घ्या. तिथली फांदी लागली तर येणारं झाड त्याच गुलाबासारखं वगैरे नसतं, ते तोच गुलाब असतं. तो जीव गॅलरीत पुन्हा वाढू शकतो, आणि त्याची फुलं तुम्ही प्रत्येक खेपेला कबरेवर नेऊ शकता.

कलमं झाली की मूळ झाड घरी आणा. हे माझं स्पष्ट मत आहे. कडक उन्हाचे दिवस चालू असतील तर ते ओसरेपर्यंत थांबा. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी, आदल्या दिवशी भरपूर पाणी घालून, मुळांभोवतीचा मातीचा गोळा जमेल तेवढा शाबूत ठेवून काढा. जुन्याच मापाच्या कुंडीत लावा, दोन आठवडे सावलीत ठेवा आणि नवी पालवी धरेपर्यंत खत अजिबात घालू नका. दुखावलेल्या मुळांना खत पोळतं.

आता "मी मारलं" या वाक्याबद्दल. तुम्ही झाड जिथे लावलंत ती जमीन बागेतल्या जमिनीसारखी नसते. कबर खणताना खोलवरची माती वर येते आणि भरताना बऱ्याचदा तीच वर राहते. झाडांना लागणारा कस असतो वरच्या वीतभर थरात. खालची माती चिकट किंवा मुरमाड, सेंद्रिय अंश जवळपास नसलेली. त्यातून भरलेल्या मातीत पोकळ्या राहतात. त्या हळूहळू बसत जातात, पावसाने भराभर बसतात. मुळांनी जिथे जेमतेम बूड धरलेलं असतं, तिथूनच जमीन खाली सरकते, मुळं ताणली जातात, काही उघडी हवेत राहतात. झाड कललं ते त्यामुळे. बारा वर्षं कुंडीत राहिलेल्या झाडाची मुळं एकमेकांत गुरफटून घट्ट गठ्ठा झालेली असतात. तो गठ्ठा न सोडवता जमिनीत ठेवला तर मुळं बाहेरच्या मातीत शिरायला फार वेळ घेतात, आणि बाहेर ओल असूनही आतला गठ्ठा कोरडा राहू शकतो.

आणि पाण्याचं म्हणाल, तर उंचवट्यावर ओतलेलं पाणी मुरण्याआधी घरंगळून बाजूला जातं. वरून माती काळीभोर, ओली दिसते. तिथे बोट खुपसून पाहा, दोन पेरांखाली ती पिठासारखी कोरडी लागेल. आजूबाजूच्या दगडांची धग असते ती वेगळीच. अशा जागी महिन्यातून दोनदा पाणी मिळणारा नव्याने लावलेला गुलाब तगणं मोठ्या अनुभवी माळ्यालाही अवघड होतं. तुमच्या मायेत काही कमी नव्हतं. जागा चुकीची होती आणि वेळ फार लवकरची होती. आईचं माणूस असणं आणि आईच्या झाडाचा माळी असणं यांची गाठ दुःखात आपण फार घट्ट मारतो. रोप सुकलं की आपण तिला दुसऱ्यांदा गमावलं, असं वाटायला लागतं. ताई, झाडं चांगल्या हातांतही मरतात. तुमच्या आईच्याही हातून त्या बारा वर्षांत काही रोपं नक्कीच गेली असतील. तिने कुंडी रिकामी करून त्यात दुसरं काहीतरी लावलं असेल.

मग आता कबरेवर काय करायचं? सध्या जमिनीत कायमचं काही लावू नका. माती बसायला साधारण सहा महिने ते वर्ष जातं. वाळूसर जमीन लवकर बसते, चिकणमातीला जास्त वेळ लागतो. निदान एक पूर्ण पावसाळा, किंवा तुमच्याकडे ज्या काळात जमीन भरपूर भिजते तो काळ, जाऊ द्या. तोवर खळगा पडेल तसा भरत राहा. नवी माती टाकण्याआधी वरची कडक पापडी खुरप्याने मोडून घ्या, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि मधून पाणी वाहतं. भर घालताना चांगल्या मातीत साधारण तिसरा हिस्सा कंपोस्ट मिसळा. असं दोन-तीनदा केलंत की पुढच्या झाडांसाठी वरचा कसदार थर आपोआप तयार होतो. ओल्या मातीवर पाय देऊन ती चोपू नका. आणि वीतभराच्या खाली कधीच खणू नका. ही जागा खोल खणण्याची नाही, हे वेगळं सांगायला नको.

या मधल्या काळात जागा उघडीबोडकी दिसू नये म्हणून एक सोपी युक्ती आहे. भोक असलेली मातीची कुंडी रोपासकट काठापर्यंत जमिनीत पुरा. बघणाऱ्याला रोप जमिनीतच लावल्यासारखं दिसतं. कुंडी जमिनीत असल्याने तापत नाही, ओल टिकते. माती खचली की कुंडी उचलायची, खाली भर घालायची, पुन्हा बसवायची. रोप मलूल झालं तर कुंडी घरी आणून दुसरी ठेवायची. ज्यांना वरचेवर जाता येत नाही, त्यांना तर मी जमीन बसल्यानंतरही हीच पद्धत सुचवीन.

पाण्यासाठी कुंडीशेजारी एक लहान, बिनचकाकीचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. त्यात पाणी भरून तोंडावर झाकण ठेवा. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपतं आणि माती कोरडी होईल तसतसं ओढलं जातं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या फान शंगची यांच्या चिनी शेतीग्रंथात वेलींना असंच पुरलेल्या मडक्याने पाणी देण्याची रीत सांगितली आहे. कुंडीलाही मातीचीच बाजू असली तर ही ओल आत पोचते, प्लॅस्टिकची कुंडी ती अडवते. झाकण मात्र विसरू नका, उघड्या पाण्यात डास होतात. वरून वाळलेल्या पानांचा दोन-तीन बोटं जाड थर द्या, पण तो रोपाच्या खोडाला चिकटू देऊ नका. एवढ्याने महिना निघेल असं मी म्हणणार नाही. पण काटक रोप असेल तर दोन खेपांमधलं अंतर बऱ्यापैकी निभावतं.

काटक म्हणजे कोणतं? उष्ण हवेत माझी पहिली पसंती सदाफुलीला. उथळ मातीत येते, ऊन सोसते, एकदा रुजली की पाण्याचे दोन-तीन खाडे सहन करते, जनावरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. फुलं वाळली की आपोआप गळतात, खुडत बसावं लागत नाही. मूळची मादागास्करची ही झुडपी वनस्पती. मधुमेहावर तिचा उपयोग होतो का, हे तपासताना कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांच्या लक्षात आलं की तिच्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे औषध पुढे आलं, आणि याच झाडातलं व्हिन्क्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. झाड खाण्यात मात्र विषारी आहे, काढे करण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. इतक्या मुलांना आयुष्य देणारं फूल कबरेवर असावं, हे मला मनापासून आवडतं.

भर उन्हाची जागा असेल तर ऑफिस टाइम (पोर्तुलाका) हे फुलझाडही छान. जाड, पाणी साठवणारी पानं, जमिनीला बिलगून वाढ. फक्त त्याची फुलं उन्हातच उमलतात. तुम्ही संध्याकाळी जाणार असाल तर ती मिटलेली दिसतील, त्याने खट्टू होऊ नका. कंदांमध्ये रेन लिली मला विशेष प्रिय आहे. महिनोन्‌महिने गवतासारखी पडून राहते आणि चांगला पाऊस झाला की काही दिवसांत फुलांचे दांडे वर येतात. कुणी पाणी घातलं नाही तरी कंद जमिनीखाली तग धरतात. तुमची जागा थंड हवेत असेल तर हेच काम डॅफोडिल करतं. हिवाळ्याआधी कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावायचं. ट्युलिपचे कंद आणि कळ्या हरणं, खारी खाऊन जातात. डॅफोडिलमध्ये विषारी द्रव्य असल्याने ते त्याच्या वाटेला जात नाहीत. फूल गेल्यावर त्याची पानं लगेच कापू नका, पुढच्या वर्षाचं फूल त्या पिवळ्या पडणाऱ्या पानांच्या जोरावर येतं.

झाड म्हणावं असं काही लावू नका. मुळं दगड उचलतात, आणि ती शेजारच्या कबरेत शिरली तर ते दुसऱ्या कुणाचं दुःख ढवळण्यासारखं होतं. आयव्हीसारखे दगडाला चिकटणारे वेलही नकोत, सांध्यांत शिरतात. गुलाब जमिनीत लावायला मी नको म्हणते त्यालाही आणखी एक कारण आहे. काटे वाकून सफाई करणाऱ्यांना आणि बाजूने जाणाऱ्यांना लागतात, म्हणून काही दफनभूमींत काटेरी झाडांना बंदीच असते. फार वाटलं तर पुढे कधीतरी बटण गुलाब पुरलेल्या कुंडीत ठेवून पाहा.

हे सगळं करण्याआधी दफनभूमीची देखभाल करणाऱ्या माणसाशी बोला. रोपाची उंची किती चालते, कडेपासून किती जागा सोडायची, काचेची भांडी चालतात का, वर्षातून कधी सरसकट सफाई होते आणि तेव्हा काय काय उचलून नेतात, नळ कुठे आहे. काही ठिकाणी फक्त सपाट पाटी आणि हिरवळ ठेवतात, तिथे लावलेलं रोप गवत कापण्याच्या यंत्राखाली जातं. हे आधी कळलेलं बरं. जमलं तर त्याच माणसाला तुमच्या गैरहजेरीत पाणी घालण्याचे पैसे ठरवून द्या. त्यात तुमची माया कमी पडली, असं मुळीच होत नाही.

आता भावाचं. त्याच्यावर रागावू नका. "कायमचं काम" म्हणतो त्यात मला त्याचीही धास्ती ऐकू येते. दर खेपेला ते कललेलं झाड आणि तो खळगा पाहणं त्यालाही सोसत नसणार. पण त्याला एक साधी गोष्ट सांगा: खचणाऱ्या जमिनीवर घाईने बसवलेला दगडही टिकत नाही. एका बाजूला कलतो, सांधे उघडतात, कधी तडा जातो. माती बसेपर्यंत तुमच्या फुलांना थांबावं लागणार आहे आणि त्याच्या ग्रॅनाइटलाही. निर्णय आज घ्यायचाच नाहीये, हे दोघांना कळलं की निम्मा वाद तिथेच निवळेल.

आणि वेळ येईल तेव्हा दोन्ही होऊ शकतं. चारही बाजूंनी दगडी कठडा आणि मधे मोकळी माती. किंवा पूर्ण दगड, पण मध्यभागी हातभर लांब, वीतभर रुंद जागा उघडी. काम करणाऱ्याला एकच गोष्ट बजावून सांगा, की ती जागा खालच्या जमिनीपर्यंत उघडी हवी. दगडात नुसता वाडगा कोरून दिला तर पावसात पाणी तुंबून मुळं कुजतात आणि उन्हात चार दिवसांत सगळं वाळतं. दगड संगमरवरी घेतलात तर त्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल लावू नका, संगमरवर त्याने विरघळतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. लोहयुक्त खताचे दाणे दगडावर सांडले तर लगेच झटका, ओले झाले की गंजाचे डाग पडतात.

ज्या खेपेला फक्त फुलं घेऊन जाल, तेव्हा फुलदाणीत पाण्याऐवजी ओली वाळू भरा. फुलं ताठ उभी राहतात, वाऱ्याने भांडं कलंडत नाही आणि डासही होत नाहीत. प्लॅस्टिकची फुलं नेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती उन्हाने विटतात, तुकडे होऊन मातीत मिसळतात, आणि जिने बारा वर्षं खरा गुलाब वाढवला तिच्यासाठी ती नकोतच.

तर या आठवड्यात एवढंच करा: कात्री, ओलं फडकं आणि पिशवी घेऊन जा, फांद्या खरवडून पाहा, कलमाच्या फांद्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि घरी येताच लावा, त्याच दिवशी. कुंड्यांवर तारीख लिहा. जमलं तर भावाला बरोबर न्या आणि निम्म्या कुंड्या त्याच्या घरी ठेवा. जागा बदलली, ऊन बदललं की एकीकडे न लागलेलं कलम दुसरीकडे लागू शकतं. दोन महिन्यांनी एकही फांदी धरली नाही तर मला पुन्हा लिहा. फांद्या कुठल्या ऋतूत कापल्या, किती जाड होत्या आणि खालचा काप काळा पडला होता का, हे पत्रात नक्की कळवा.